वाढपी पंगतीला बसला

ठकूबाईनं ते भांडण ऐकलं तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पिंपरी पेंढारला नणंदेचं लग्न होतं. कनातीच्या अलीकडं ठकूबाई बुंदीची घमेली झाकत बसली होती आणि कनातीच्या पलीकडं तिचा नवरा भगवंत आणि धाकटा दीर सावळेराम एकमेकांच्या अंगावर गेले होते. जमिनीवरून नाही, बाईवरून नाही. भातावरून.

"व्याह्यांना इचारलंस कशाला, भात हवा का म्हनून?" सावळेराम अठरा वर्षांचा. मिसरूड धड फुटलं नव्हतं आणि थोरल्या भावाला दरडावत होता.

"मग काय नरड्यात कोंबू त्यांच्या?"

"इचारलं की मानूस नाय म्हनतो. रीतच हाय ती. आता उठला व्याही अर्ध्या पोटी, आन बोलंल जल्मभर. वाढप्यानं ताटाकडं बघायचं, तोंडाकडं नाय. भात सरत आला की वाढायचा आन म्होरं सरकायचं. इचारायचं नाय, इनवायचं नाय."

"लई शाना! सकाळधरनं पोटात काय नाय तुझ्या, म्हनून पेटलायस. बस आता पंगतीला."

"वाढपी बसला की पंगत उठली," असं म्हणून सावळेरामानं आमटीचं ओगराळं उचललं आणि निघून गेला.

ते लांब दांड्याचं पितळी ओगराळं पुढं पन्नास वर्षं त्याच्या हातात राहिलं. कुणाचंही लग्न असो, बारसं असो, दहावं असो, वाढायला सावळेराम. आळ्यापासून ओतूरपर्यंत लोक बोलवायचे. तो आला की पंगतीला शिस्त लागायची, जशी मास्तर आल्यावर वर्गाला लागते. दुसऱ्या पोरांनी आमटी सांडली तर तो नुसता बघायचा, आणि त्या बघण्यानं पोरगं दुसऱ्या दिवशी तापानं पडायचं. कोण किती जेवतो, कोण लाजतो, कोण घरी भांडून आलाय, कुणाचे दात दुखतात, सगळं त्याला पत्रावळीवरून कळायचं. माणसांची तोंडं मात्र त्याच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी "रामराम नाना" म्हटलं तर तो गोंधळायचा. मग तो माणूस सांगायचा, "मी नाय का, दोनदा कढी घेनारा," की लगेच ओळख पटायची.

लग्न त्यानं केलं नाही, असं तो सांगायचा. खरं तर झालं नाही. एकदा मढला पोरगी बघायला गेले होते. पोरीनं पोह्याच्या बश्या आणल्या. सगळ्यांनी पोरगी बघितली, यानं बश्या बघितल्या. सोबत आलेल्या मामांच्या बशीत पोहे कमी पडलेत हे बघून हा उठला, आत गेला, पातेलं घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांना वाढत सुटला. पोरीच्या बापानं भगवंतला बाजूला घेऊन विचारलं, "पावणं, नवरदेव ह्योच का? का आचारी संगं आनलाय?" सोयरीक तिथंच मोडली. सावळेरामाला त्याचं काही वाटलं नाही. पोह्यात दाणे कच्चे होते, एवढंच तो म्हणाला.

मग भगवंत गेला. घर त्याच्या पोराच्या, भरतच्या हातात आलं. आणि लग्नात बफे आला. हातात ताट घेऊन माणसं रांगेत उभी राहायला लागली. सावळेराम एका लग्नात गेला, तासभर मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि न जेवता परत आला. "उभ्यानं जनावरं खात्यात," म्हणाला, "पन त्यांना बी कुनीतरी वैरन टाकतं. हितं ज्याची त्यानं टाकायची." ओगराळं फडक्यात गुंडाळून त्यानं खुंटीला लावलं. गावात फक्त सप्त्याच्या काल्याला पंगत उरली होती. वर्षातून एक दिवस त्याला जीव यायचा.

असाच तो काल्याचा दिवस, हनुमान जयंतीच्या सप्त्यातला. भरतची पोरगी श्रेया तेव्हा नुकती दहावीची परीक्षा देऊन बसली होती. आता या पोरीचं सांगायला पाहिजे. लहानपणी गुटगुटीत, हसरी, आजीच्या हातच्या बेसनाच्या मासवडीवर जीव टाकणारी. नववीत तिनं सोमवार धरला. घरच्यांना कौतुक. मग गुरुवार धरला, कौतुक दुप्पट. मग चतुर्थी, एकादशी, मग नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर. आई रत्ना शेजारणीला सांगायची, "आमची श्रेया लई देवाची हाय." देवाला विचारलं असतं तर तो घाबरला असता, पण देवाला कोण विचारतो?

सगळ्यांत जास्त कौतुक भरतच्या बहिणीनं केलं. ती मंचरला राहते. घरातल्या पुढच्या खोलीत तिनं बायकांचा क्लब काढलाय, सकाळी पावडरचा शेक प्यायचा आणि वजन उतरलं की टाळ्या वाजवायच्या. ती आली की श्रेयाच्या हनुवटीला हात लावायची. "अगं बाई, काय उतरलीस! फोटोत कसली भारी दिसतेस. मला सांग की कसं केलंस." शेक विकणारी बाई उपाशी पोरीला नुस्खा विचारत होती.

तर त्या काल्याच्या कीर्तनात महाराजांनी श्रेयाला सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा हो माऊली, आजची पोरं रात्रंदिवस चरत्यात. आन हे लेकरू बघा! याला म्हनत्यात वैराग्य!" तिला नारळ दिला, शाल दिली. शाल खांद्यावर टाकली तेव्हा ती पोरगी शालीच्या वजनानं वाकली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकूबाईनंही वाजवल्या. जोरात वाजवल्या. तो आवाज पुढं किती दिवस तिच्या कानातून गेला नाही.

मग पंगत बसली. सावळेराम आमटी वाढत आला, श्रेयाच्या पत्रावळीपाशी थांबला. पन्नास वर्षांत तो पंगतीत कधी थांबला नव्हता. मागचा भातवाला त्याच्यावर येऊन आदळला.

घरी आल्यावर त्यानं सांगितलं, "पोरीनं पत्रावळीवर घास नुसते फिरवल्यात. खाल्लं नाय."

"नाना, तिचा उपास असतोय," भरत म्हणाला.

"आरं, काल्याला उपास सुटतो! देवानं सोडला, हिनं का नाय सोडला?"

कुणी ऐकलं नाही. वाढप्याचं काय ऐकायचं? आणि त्याच्याही मनात सल राहिली ती वेगळीच. ठकूबाईला तो एकदाच बोलला. "वहिनी, माझं बी चुकलं. घरात रोज हिच्या ताटाकडं बघायला मी कधी व्हतो? मी आपला येकला मागनं जेवनारा. आन तोंडाकडं तर मी बघतच नाय."

जूनमध्ये श्रेया अंगणात चक्कर येऊन पडली. नारायणगावला सलाईन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं मोबाईल लागला. मंचरची आत्या म्हणाली, "हिच्या आईनं लहानपणी लई कोंबलं, त्याची ही किळस." शेवटी नारायणगावच्याच डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई नीट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. ते भरतनं कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद गाडीत हरवला. मराठीत त्या म्हणाल्या, "हा खाण्याचा आजार आहे. हा हट्ट नाही आणि ही भक्तीही नाही. यात आई-वडिलांचा दोष नाही." हे घरी येऊन सांगितल्यावर नातेवाइकांची फार निराशा झाली. दोष कुणाचाच नाही म्हटल्यावर फोन करायला कारणच उरलं नाही.

उपाय काय, तर घर. बाई म्हणाल्या, "औषधापेक्षा जेवण मोठं. तिनं काय आणि किती खायचं हे सध्या तिनं ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं. प्रत्येक जेवणाला आई-वडिलांनी शेजारी बसायचं. भांडायचं नाही, विनवायचं नाही, ताट संपेपर्यंत उठायचं नाही." त्यांनी एक फॉर्म दिला. रोज कोणी जेवू घातलं ते लिहायचं. फॉर्मवर रकाने दोन. आई. वडील.

दोनच रकाने! पुण्यात असतील घरात दोनच माणसं. इथं भरत पहाटे टोमॅटोच्या क्रेट भरून पिकअप घेऊन नारायणगावच्या मार्केटला जायचा, तो दुपारी यायचा. रत्ना मजुरांबरोबर कांद्यात. उरले ते रकान्याबाहेरचे, ठकूबाई आणि सावळेराम. रत्ना शेजारी बसायची तेव्हाही पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिचा धीर सुटायचा. पंधरा दिवसांनी वजन वाढायच्या जागी आणखी उतरलं. बाईंनी सरळ सांगितलं, "तिच्या हृदयावर ताण यायला लागलाय. आणखी एक असा आठवडा गेला तर दाखल करून नळीनं अन्न द्यावं लागेल. शुक्रवारी घरचं जेवण घेऊन या. माझ्यासमोर जेवा. कुठं अडतंय ते मला बघू द्या."

शुक्रवारी पिकअपमध्ये पाच माणसं निघाली. भरत, रत्ना, श्रेया. ठकूबाई, कारण मासवडी तिनं केली होती. आणि सावळेराम, कारण रश्श्याचं पातेलं दुसऱ्याच्या मांडीवर द्यायला तो तयार नव्हता. खुंटीवरचं ओगराळंही त्यानं पिशवीत टाकलं होतं. खोलीत खुर्च्या चारच होत्या. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल." तो बाहेर गेला नाही. पातेल्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. कोपऱ्यात एक तरुण मुलगी वहीत लिहीत बसली होती, बाईंची मदतनीस.

रत्नानं लेकीच्या ताटात अर्धी भाकरी वाढली. मासवडीचे दोन तुकडे.

"एवढं खाशील ना श्रेया?"

"नको."

"बरं, निम्मं खा."

"नको म्हटलं ना मम्मी."

"चतकोर तरी? माझ्यासाठी? बरं, नुसता रस्सा पी. दोन घोट."

नारायणगावच्या मार्केटात लिलाव चढत जातो, इथं उतरत चालला होता. भरत म्हणाला, "आगं, एवढी मोठी फी भरून आलोय आपन, खा की!" ठकूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, तिला नको तर नको. जीव घाबरतोय लेकराचा." तीन माणसं एकदम बोलत होती. श्रेयानं ताट मागं सारलं आणि हातांची घडी घातली. बाई शांतपणे बघत होत्या. पण भिंतीपाशी एक माणूस शांत राहू शकत नव्हता. असलं वाढप त्यानं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

सावळेराम पुढं झाला. रत्नाच्या हातातली पळी काढून घेतली. पिशवीतनं ओगराळं काढलं आणि पंगत सुरू केली. भरतच्या ताटात अख्खी भाकरी, चार मासवड्या, रस्सा. पुढं. रत्नाच्या ताटात तेच. पुढं. ठकूबाई. पुढं. श्रेयाचं मागं सारलेलं ताट त्यानं दोन बोटांनी जागेवर ओढलं, अख्खी भाकरी ठेवली, चार मासवड्या, रस्सा. तिच्या तोंडाकडं बघितलं नाही, थांबला नाही, पुढं. पुढं डॉक्टरीणबाई होत्या.

"अहो, माझं जेवण झालंय—" बाई म्हणेस्तोवर त्यांच्या कागदांवर ताट आलं होतं आणि ताटात रस्सा होता.

ज्यांना बोलून बोलून थकवा आला होता त्यांच्या तोंडासमोर आता भाकरी होती. श्रेया ताटाकडं बघत होती. नको म्हणायला कुणी विचारलंच नव्हतं.

कोपऱ्यातली मुलगी उठून उभी राहिली. "तुम्ही पिंपरी पेंढारचे सावळेराम नाना ना? मी रूही. जुन्नरला केळीवाले दस्तगीरभाई आहेत ना, त्यांची नात. आमच्या फुफीच्या, आत्याच्या लग्नात व्हेजची पंगत तुम्हीच वाढली होती."

"दस्तगीरभाई?" सावळेराम विचारात पडला. "दालच्याऐवजी वरण मागनारे? तिखट सोसत नाय त्यांना."

"तेच," रूही हसली. मग बाईंकडं वळून म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर वाढणाऱ्याचाच रकाना नाही."

बाईंनी रश्श्यानं ओला झालेला फॉर्म बाजूला ठेवला. सावळेरामाकडं बघत विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठं बसणार?"

"मी वाढपी," सावळेराम म्हणाला. "वाढपी बसत नाय."

"माझ्या पंगतीत वाढपी बसतो. जो वाढतो त्यानं तिच्याबरोबर जेवायचं. नाहीतर तिला वाटतं, सगळे मिळून तिच्यावर पहारा ठेवतायत."

ठकूबाईला कनातीपलीकडचं भांडण आठवलं. आता हा ओगराळं ठेवून निघून जाईल, असं तिला वाटलं. पन्नास वर्षांत तिनं त्याला चारचौघांत जेवताना बघितलं नव्हतं. सगळे उठले की कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, उरलंसुरलं, चार घासांत संपवायचा. आपल्याच घरातला एक माणूस कसा जेवतो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते कधी खटकलंही नव्हतं.

सावळेरामानं ओगराळं पातेल्यात ठेवलं. बाईंचं ताट उचललं, कारण त्या काही खात नव्हत्या आणि अन्न टाकायचं नसतं. खुर्ची उरलेली नव्हती. रूहीनं आपली दिली. ती श्रेयाच्या शेजारी ओढून तो बसला.

पहिला घास घेताना रस्सा धोतरावर सांडला. जन्मभर दुसऱ्याच्या ताटात थेंब न सांडणारा माणूस!

श्रेयानं वाकडी मान करून बघितलं. "नाना, तुम्ही लाजताय?"

"लई," तो म्हणाला. "सवय नाय गं मला. समदे बघत्यात असं वाटतं."

"मलापण."

"मग खाली बघून जेवू. तू तुझ्या ताटात बघ, मी माझ्या."

त्या दिवशी त्या दोघांना एक तास दहा मिनिटं लागली. श्रेयानं सगळं संपवलं, असं सांगितलं तर खोटं होईल. एक मासवडी राहिली, आणि मधे ती रडली, आणि एकदा म्हणाली, "तुम्ही सगळे मला मारणार आहात." पण भाकरी गेली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. रूहीनं फॉर्मवर पेनानं तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, वाढपी. सावळेरामाला वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "पन्नास वर्सांनी कागदावर नोंद झाली म्हनायची."

पोरगी काही त्या दिवशी बरी झाली नाही. असं बरं होणं सिनेमात. घरी पुढचे सहा महिने पंगतच चालली. दिवसातून सहा वेळा. सकाळची न्याहारी, दहाचं दूध-लाडू, दुपार, चहाच्या वेळचं, रात्रीचं, आणि निजताना पुन्हा दूध. सावळेराम वाढायचा आणि बसायचा. भरत मार्केटहून आला की तिसऱ्या जागेवर बसायचा, रत्ना चौथ्या. कांद्याचं काम थांबत नव्हतं, पण ज्याची पाळी असेल त्यानं शेतातनं उठून यायचं असं ठरलं. बाईंनी आता भरतला फोनवरून शिकवलं, रत्नाला शिकवलं, पण खरी शिकवणी घरातच होती.

श्रेयानं ताट भिरकावलं. भिंतीवर कढीचा डाग उठला. सावळेरामानं दुसरं ताट मांडलं, तेवढंच वाढलं. "पंगतीत ताट लवंडतंच. दुसरं मांडायचं. पावण्याला कुनी घरी धाडतं का?"

श्रेया ओरडली, शिव्या दिल्या, "तुम्ही म्हातारे, तुम्हाला काय कळतं" म्हणाली. तो म्हणाला, "पोरगी न्हाई बोलत, आजार बोलतोय. डॉक्टरीन म्हनली." मग ठकूबाईच्या कानाशी, "पन आजाराला शिव्या लई येत्यात बरं का वहिनी."

पण सगळ्यांत अवघड विरोध श्रेयाचा नव्हता. ठकूबाईचा होता. लेकराच्या डोळ्यांत पाणी आलं की हिचा हात गुपचूप ताटात जायचा आणि अर्धी भाकरी उचलून पदराखाली न्यायचा. माया म्हणायची ती याला. आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी सावळेराम ताट बघून म्हणाला, "वहिनी, भाकरी पोरीनं मोडली तर तुकडे व्हत्यात. ही अर्धी सरळ उचललीय. पोरीच्या ताटात तुमचा हात दिसतोय मला."

"लेकरू रडतंय ओ भावजी. तुमाला काळीज नाय का?"

"सप्त्यात टाळ्या वाजवल्या तवा बी आपन माया म्हनूनच वाजवल्या, वहिनी."

ठकूबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी श्रेयाच्या समोर ताट घेऊन बसली, हात मांडीखाली दाबून.

दिवाळीत मंचरची आत्या आली. आल्या आल्या हनुवटीला हात, "अगं, गाल आले की तुला! जरा जपून हं." श्रेयाचा घास तोंडातच थांबला. सावळेराम तिथंच होता. त्यानं आत्याला पाट मांडला, ताट वाढलं, शिगोशीग. "नाना, मी फक्त शेक घेते," आत्या म्हणाली आणि पर्समधनं बाटली काढली. सावळेरामानं बाटली घेतली, गोठ्यात नेली आणि म्हशीच्या बादलीत ओतली. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. परत येऊन तो म्हणाला, "म्हस नको म्हनली. जेवा तुमी. आन पंगतीत बोलायचंच आसंल तर श्लोक म्हना. कुनाच्या गालाचं, कुनाच्या कमरेचं नाव काढायचं नाय. ह्यो नेम हाय आता या घरचा." आत्या जेवली. गुपचूप, दोनदा भात घेऊन. त्या जेवणात श्रेया पहिल्यांदा हसली. पुढं आत्याचा क्लब बंद पडला असं नाही. जोरात चालू आहे.

हळूहळू पोरीच्या हातात एक एक जेवण परत दिलं. आधी न्याहारी, मग चहाच्या वेळचं. पुण्याला जाणं महिन्यावर आलं. रूहीनं सांगितलं की नव्या फॉर्मवर आता तिसरा रकाना छापलाय. आता ज्याच्या त्याच्या घरी तिथं मावशी, काका, शेजारची काकू असं काहीही लिहितात. बाई दुसऱ्या घरांना सांगतात, "आई-वडील दोघंच पुरे पडत नसतील तर घरातला वाढपी शोधा." सावळेरामाचं नाव त्या घेत नाहीत, ते बरंच. नाहीतर तो डोक्यावर बसला असता. तसाही तो गावात सांगत फिरायचाच, "पुन्यात माझा रकाना हाय."

श्रेयानं वर्ष वाया घालवून अकरावीला आळेफाट्याच्या कॉलेजात नाव घातलं. दुपारचं जेवण तेवढं बाकी राहिलं होतं. तिथं पोरींमध्ये बसून खायची तिला भीती वाटायची. मग सावळेराम रोज अकराच्या एसटीनं निघायचा. पिशवीत चार पुड्यांचा डबा आणि दोन ताटल्या. कॉलेजबाहेरच्या चिंचेखाली टॉवेल अंथरून दोघं जेवायची. पोरं हसली. "वृद्धाश्रमाची सहल आली का?" असं एकजण म्हणाला. सावळेरामानं त्याच्याकडं बघितलं, म्हणजे त्याच्या डब्याकडं. "नुसती मॅगी? बस." आणि त्याच्या डब्याच्या झाकणात भाजी वाढली. आठवड्यात चिंचेखाली पंगत बसायला लागली. श्रेयाची मैत्रीण अक्षदा तर घरून रिकामं ताट आणायची.

मधे बारावीच्या सुरुवातीला पोरगी पुन्हा घसरली होती, पंधरा दिवस. आजार असा नाही सोडत. पुन्हा सहाही जेवणं सावळेरामाकडं आली आणि पुन्हा एक एक करून गेली. मग बाई म्हणाल्या, "आता ती दुपारचं तिचं तिचं जेवेल. डबा पोचवायची गरज नाही." सावळेराम तरी जायचा. "शेवटचा भात पंगतीत फिरवायचाच असतो," म्हणायचा. "कुनी घेत नाय, पन फिरवला नाय तर पंगत पुरी व्हत नाय."

डिसेंबरपासून त्याच्या छातीत दुखायचं. ओतूरच्या डॉक्टरांनी जिना चढू नका, एसटीत धक्के खाऊ नका असं सांगितलं. फेब्रुवारीतला तो सोमवार होता. त्याच दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्याच तो कायमचा गेला. कुणाला हाक न मारता, जसा पंगतीतनं सरकायचा तसा. पण दुपारी घरात तसं कुणालाच काही वाटलं नव्हतं.

सकाळी ठकूबाई म्हणाली होती, "भावजी, आज ऱ्हाऊ द्या की. पोरगी खाती आता. तिला इचारा पाहिजे तर."

"इचारायचं नसतं वहिनी," तो म्हणाला. "डबा भरा."

डब्यात मासवडी होती, रस्सा, दोन भाकरी, भात. तो अकराच्या एसटीनं गेला. अडीचला परत आला, नेहमीसारखा, पायरीवर चपला झाडून. डबा कॉलेजच्या नळावर धुतलेला होता. तो त्यानं ओट्यावर उपडा घातला, चारही पुडे एका ओळीत.

"खाल्लं का?" ठकूबाईनं विचारलं. विचारायचं नसतं, पण तिला राहवत नसे.

"खाल्लं. आन निरोप दिलाय."

"काय?"

"म्हनती, रश्श्यात मीठ कमी हाय. आज्जीला सांगा."

ठकूबाई भडकली. "मीठ कमी? तीन वर्सं जिच्या पोटात घास जाईना, तिला आता मीठ कमी? पन्नास वर्सं मासवडी करतीय मी, कुनी नाव ठेवलं नाय! मोठी आली चव सांगनारी!" आणि बोलता बोलता तिनं तोंड फिरवलं आणि चुलीतल्या राखेत उगाच काहीतरी शोधायला लागली.

सावळेरामानं पिशवी झटकली आणि ओगराळ्याशेजारच्या खुंटीला अडकवली.

"उद्या बघून टाका मीठ," म्हणाला, आणि बाजेकडं गेला.